थांबणारं विमान

घोडके सर कुठलंही यंत्र पहिल्यांदा बघत तेव्हा एकच प्रश्न विचारत, "याला थांबता येतं का?"

शाळेच्या शिपायानं नवी सायकल घेतली तेव्हा तिच्याबद्दलही त्यांनी हेच विचारलं. शिपाई म्हणाला, "ब्रेक हायत की सर." सर म्हणाले, "ब्रेकचं नाही विचारत मी. सायकल थांबली की आडवी होते. पाय टेकवावा लागतो. पाय न टेकवता थांबता येतं का?" शिपायानं माझ्याकडं बघितलं. मी त्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच आले होते, त्यामुळं मीही त्याच्याकडं नुसतीच बघत राहिले.

आमचं गाव तेलगाव आणि सिरसाळ्याच्या मधे, सडकेपासून आत. गावातल्या कापूसवाल्या शेतकऱ्यांनी मिळून एक सहकारी सोसायटी काढली होती. सोसायटीचं जिनिंग होतं, आणि जिनिंगच्याच आवारात पत्र्याच्या खोल्यांत सोसायटीनं शाळा सुरू केली होती. मोसमात पलीकडं सरकी काढणाऱ्या यंत्रांचा धडधडाट चालायचा आणि रुईचे बारीक तंतू उडत येऊन मुलांच्या केसांत बसायचे. आम्हाला ओरडून शिकवावं लागे. घोडके सर मात्र ओरडत नसत. आवाज वाढला की ते खडू खाली ठेवून गप्प उभे राहत, आणि इंजिन थोडं मंदावलं की मोडलेलं वाक्य तिथूनच पुढं नेत.

ते विज्ञान शिकवायचे. उंच, हाडकुळे, जुनी खाकी पँट घालणारे. पँटीची इस्त्री मात्र कडक. तांब्यात निखारे भरून रोज सकाळी ते स्वतः करत. लग्न केलेलं नव्हतं. जेवण उभ्यानं. घराबाहेर पडलं की पहिल्यांदा बोट ओलं करून वर धरायचं, वारा कुठून आहे ते बघायचं, मग चालायला लागायचं. समोरच्याच्या अंगावर नवं कापड दिसलं की चिमटीत धरून वीण चाचपायची. बायकांच्या पदराच्या बाबतीत हात आवरताना त्यांना कष्ट पडत हे मी स्वतः पाहिलंय. तरुणपणी ते लष्करी विमानांच्या तळावर फिटर होते. महायुद्ध संपल्यावर मागं राहिलेली चार इंजिनांची जड बॉम्बफेकी विमानं दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आमच्याकडं विमानाला इमान म्हणतात. त्यामुळं गावात कुणी 'इमानवाले सर' म्हणालं की ते विमानाबद्दल बोलतंय का सचोटीबद्दल, ते बोलणाऱ्यालाच ठाऊक.

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी ते नववीला एक धडा शिकवत. तो पुस्तकात नव्हता. त्या दिवशी तास मोकळा असला तर मीही मागच्या बाकावर जाऊन बसायची. सर फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारत. डावीकडं लिहीत 'एअरशिप', उजवीकडं 'बॉम्बर'. मग म्हणत, "ही दोन्ही माणसांवर बॉम्ब टाकायला बनवली. काम दोघांचंही वाईटच. आपण काम बघायचं नाही. यंत्र म्हणून कोण चांगलं, तेवढंच बघायचं."

पहिला प्रश्न, हवेत कशाच्या जोरावर राहतं? एअरशिप म्हणजे मारुतीच्या देवळापासून आपल्या शाळेपर्यंत लांब असा एक सांगाडा. हलक्या धातूच्या पट्ट्यांचा. वरून कापड ताणलेलं. आत हवेपेक्षा हलका वायू भरलेल्या मोठमोठ्या पिशव्या, प्रत्येक वेगळी. एक फाटली तरी बाकीच्या धरून ठेवतात. इंजिनं बंद पडली तरी ते पडत नाही, तरंगत राहतं. बॉम्बरला पंख असतात. पंखावरून वारा वाहिला तर तो उचलला जातो, आणि वारा वाहायचा तर त्याला सतत पळावं लागतं.

मग वेग. बॉम्बर तिपटीहून जास्त. मग ओझं. एअरशिपच्या दहाव्या हिश्शाएवढा बॉम्बर तेवढंच ओझं नेतो, कधी जास्तही. मग आग. एअरशिपमध्ये हायड्रोजन, एक पेटती गोळी पुरे. न पेटणारा वायू आहे, पण तो त्या काळी एकाच देशाकडं होता आणि तो देश तो देत नव्हता. मग उंची. एअरशिप वजनाला घेतलेलं पाणी ओतून टाकून झपकन वर जायचं, सुरुवातीला विमानांना गाठायचंच नाही. पुढं विमानंही तिथवर चढायला लागली. मग एअरशिप आणखी वर गेलं, आणि तिथल्या थंडीत माणसांना श्वास घेता येईना, खाली नेम लागेना. मग वादळ. एवढ्या मोठ्या अंगाला वारा लागला की काय होतं ते मुलांना सांगायला लागत नसे. त्यांनी पत्रे उडालेले पाहिले होते. मग उतरणं. बॉम्बरला धावपट्टी लागते. एअरशिपला खाली दोर धरायला शेकड्यानं माणसं.

प्रत्येक ओळीत जो जिंकेल त्याच्या बाजूला सर एक फुली मारत. उजवीकडं फुल्यांची रांग होई. शेवटी ते लिहीत, 'थांबता येतं का?' आणि डावीकडं एक फुली मारत.

दरवर्षी एखादा मुलगा म्हणायचाच, "सर, एवढ्यावर न्हाई पास होत."

"नाही होत," सर म्हणत. थोडा वेळ फळ्याकडं बघत उभे राहत आणि मग पुसून टाकत. पुढच्या वर्षी पुन्हा तीच रेघ, त्याच ओळी. मला वाटायचं, एखाद्या वर्षी उत्तर वेगळं येईल अशी त्यांना आशा आहे.

या धड्यावरून एकदा चेअरमन शाळेत आले. चेअरमन म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, बापूराव. जाड मिशा, हळू बोलणं, गावावर जीव. वायूच्या पिशव्या गुरांच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यांनी शिवलेल्या असत, एका एअरशिपला लाखांवर जनावरांची आतडी लागत, असं सरांनी वर्गात सांगितलं होतं. ते घरोघर पोचलं होतं.

"सर, ह्ये पोरांना कावून सांगता?"

"खरं आहे म्हणून."

"खरं हाय म्हणून समदंच सांगायचं न्हाई."

सरांनी त्यावर बराच विचार केला. मग म्हणाले, "बापूराव, ते मला जमत नाही." चेअरमन चहा न घेता उठून गेले. पण सरांना काढलं नाही.

सरांना खरा विरोधक एकच होता, जिनिंगचे मेकॅनिक बाबूमियाँ. बीडच्या एका मिस्त्री घराण्यातले. आमच्या गावात येऊन बायको जैतूनबी, दोन मुली आणि धाकटा भाऊ अजीज असा संसार मांडला होता. बाबूमियाँचा इंजिनावर भरोसा होता, तेवढा बहुधा माणसांवर नव्हता. दुपारच्या सुट्टीत लिंबाखालच्या ओट्यावर दोघं बसत, म्हणजे बाबूमियाँ बसत आणि सर उभे राहून भाकरी खात. मी पलीकडं मुलींच्या वह्या तपासत असे. वाद मात्र वर्षानुवर्षं तोच.

"समुद्रावर नजर ठेवायला चार इंजिनांचं धूड कशाला हवं?" सर म्हणत. "पाणबुडी शोधायची तर हळू जायला हवं, एका जागी थांबायला हवं. शेवटच्या महायुद्धातसुद्धा जहाजांच्या ताफ्यावर राखण ठेवायला अमेरिकेनं फुगेच वापरले. ज्याचं काम त्याला द्यावं."

"आन् तुमचा तो न पेटणारा वायू? त्यो कोण देनार?"

"तो नाही आपल्याकडं."

"आन् आखाडातला वारा?"

"वारा आहे."

"मग झालं की सर." बाबूमियाँ तंबाखू झटकत. "फुगा म्हंजे वाऱ्याच्या मर्जीनं ऱ्हानं. शेतकरी पावसाच्या मर्जीनं ऱ्हातो, त्याचं काय झालं ते बघतोय आपन. इंजान बरं. तेल टाका, नट आवळा, चालतं."

"आणि बंद पडलं की?"

"दुरुस करायचं."

"वर असताना?"

इथं बाबूमियाँ वाद सोडून देत, कारण नायरची गोष्ट त्यांना माहीत होती. मला सरांनी ती एकदाच सांगितली. आवाज न बदलता, पाण्याच्या रांजणापाशी उभं राहून. नायर म्हणजे तळावरचा त्यांचा दोस्त. फिटर म्हणून दोघं बरोबर लागले, पुढं नायर विमानात बसून इंजिनांवर लक्ष ठेवायच्या कामाला गेला. एका सकाळी समुद्राकाठच्या तळावरून विमान तेलानं गच्च भरून उठलं. उठता उठता एका बाजूचं एक इंजिन गेलं, पाठोपाठ त्याच बाजूचं दुसरं. उंची मिळालीच नव्हती.

"खाली आम्ही सगळे उभे," सर म्हणाले. "ते अजून उडत होतं, बाई. आत सगळे जिवंत होते. नायर जिवंत होता. कुणालाही काही झालेलं नव्हतं. फक्त त्यांना थांबता येत नव्हतं. थांबता आलं असतं तर आम्ही शिड्या घेऊन गेलो असतो."

विमान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेलं. चूक कुणाचीच निघाली नाही. सरांनी मुदत पुरी न करताच नोकरी सोडली, त्यामुळं पेन्शन नाही. पुढं शिकले, डिग्री घेतली आणि आमच्याकडं आले.

बहात्तरचा दुष्काळ एकदम आला नाही. आदल्या सालीही पीक अर्धंसुद्धा आलं नव्हतं. बहात्तरला मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, पेरलेलं उगवून करपलं. विहिरींचे तळ दिसायला लागले आणि मग तळाचा गाळही वाळला. जिनिंग बंद होतं, कापूस कुठला येणार. सोसायटीचे सभासद, ज्यांची नावं पायाभरणीच्या दगडावर होती, ते सरकारी कामावर खडी फोडत होते. जिनिंगच्या मागंच पाझर तलावाचं खोदकाम चालू होतं. मुलं शाळेत आली तर सरकारकडून मिळणाऱ्या सुकडीच्या खाऊसाठी येत, आणि सुकडी संपली की झोपून जात. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीनं सगळ्यांची पोटं बिघडलेली. जनावरं लोकांनी मिळेल त्याला देऊन टाकली. आमच्या शिपायाचा बैल रस्त्यात बसला तो उठला नाही. शिपाई दिवसभर त्याच्यावर सावली धरून उभा होता.

आणि श्रावणात रोज दुपारी ढग यायचे. हे सगळ्यात वाईट होतं. काळे, खाली आलेले, बायका हातातल्या मातीच्या पाट्या ठेवून बघत राहतील असे. तासभर थांबायचे आणि पूर्वेला निघून जायचे.

एका दुपारी चेअरमन शाळेत आले. बरोबर गावातली माणसं होती, खोदकामावरून तशीच आलेली, धुळीनं पांढरी. चेअरमन म्हणाले, "सर, सरकार म्हणं कुठं तरी इमानातून ढगात मीठ टाकायलंय. त्यानं पानी पडतंय म्हणं."

"पडतं कधी कधी," सर म्हणाले. "ढग तसा असला तर."

"आपल्याला इमान कोण देतंय. पर तुमचा फुगा हाय की."

सरांनी नववीला सांगत तसंच सगळं सांगितलं. विमान हव्या त्या ढगात शिरतं, फुगा वारा नेईल तिकडं जातो. आपल्याकडं वायू नाही, फार तर गरम हवेवर उचलायचा. तो ढगापर्यंत पोचणार नाही. पोचला तरी घमेलंभर मिठानं काही व्हायचं नाही.

माणसं ऐकत होती. चेअरमन म्हणाले, "पर थांबतो का न्हाई त्यो? तुमीच म्हनता, फुगा थांबतो."

"थांबतो," सर म्हणाले.

"मंग जाईल तितका जाऊ द्या."

ती माणसं गेल्यावर मी विचारलं, "सर, होणार नाही हे माहीत असताना हो कशाला म्हणालात?"

ते बोट ओलं करायला गेले आणि थांबले. तोंडात थुंकी नव्हती बहुतेक. म्हणाले, "मी नाही म्हटलं असतं तर ते घरी जाऊन काय करणार होते, बाई?"

दुसऱ्या दिवसापासून कापड यायला लागलं. धोतरं, जुनी लुगडी, पासोड्या, रुईच्या गाठी बांधायचं सोसायटीचं जाड कापड. मी दोन पातळं दिली. सर प्रत्येक कापड चिमटीत धरून बघत आणि जे विरलेलं असेल ते हात जोडून परत करत. एका म्हातारीचं लुगडं त्यांनी परत दिलं तर ती तिथंच बसून रडायला लागली. मग त्यांनी ते घेतलं आणि तोंडाजवळ, जिथं ताण कमी येतो तिथं, लावलं. रिकाम्या जिनिंगच्या शेडमध्ये बायका शिवायला बसल्या. विणीतून हवा जाऊ नये म्हणून कापडाला खळ द्यायला हवी होती. कुणी तरी मिलोच्या पिठाची म्हणालं, तर जैतूनबी म्हणाल्या, "पोटाला न्हाई आन् कापडाला पीठ?" सर म्हणाले, "बरोबर आहे." मग बाभळींचा डिंक गोळा झाला. बाभळींना तेवढं कळलं नव्हतं दुष्काळ आहे ते. डिंक पातळ करायला पाणी हवं होतं, त्यावरूनही दोन दिवस कुजबुज झाली. शेवटी ज्यानं त्यानं आपल्या वाटणीच्या घागरीतून ओंजळभर दिलं.

त्या दिवसांत सरांच्या चेहऱ्यावर काही आनंद नव्हता. ते गणितं करत, खोडत, पुन्हा करत. बाबूमियाँ मात्र रोज येऊन बसायचे. आधी टिंगल केली, मग सुई हातात घेतली, मग दोरांच्या गाठी त्यांच्याकडंच आल्या. घमेलं टांगायची लोखंडी कडी त्यांनीच घडवली. म्हणाले, "होनार काय न्हाई सर. पर कडी माझी तुटनार न्हाई."

सरांना भीती एकच होती, दोरांची. त्यांनी दोर धरणाऱ्या सगळ्यांना ओळीत उभं केलं. "पूर्वी एअरशिप उतरवताना अशीच माणसं दोर धरायची. वाऱ्याचा झोत आला की ते उसळायचं. ज्यांनी सोडलं ते वाचले. ज्यांनी धरून ठेवलं ते वर ओढले गेले आणि पडून मेले. मी सोडा म्हटलं की सोडायचं. फुगा गेला तर जाऊ दे. हाताला वेढा घ्यायचा नाही." प्रत्येकाकडून त्यांनी ते म्हणवून घेतलं. बाबूमियाँकडूनही.

ज्या दिवशी तो उचलला त्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला होता. खड्ड्यात कापसाच्या वाळल्या पळाट्या पेटवल्या, धूर आणि धग मातीच्या नळीतून कापडाच्या तोंडात सोडली. जमिनीवर पसरलेलं ते ठिगळांचं कापड आधी कुशीवर वळल्यासारखं हललं, मग फुगलं, मग उभं राहिलं. शेडच्या पत्र्याहून उंच. लाल, हिरवी, पांढरी, मळकी ठिगळं. कुणाचं लुगडं कुठं आहे ते बायका बोटानं एकमेकींना दाखवत होत्या. खाली घमेल्यात हवा गरम राहायला निखारे, आणि मीठ. वर ढग आलेलेच होते. माणसांनी हळूहळू दोर सोडत तो लिंबाच्या शेंड्यावर नेला आणि तिथं तो थांबला. जराही न हलता थांबला. मी सरांकडं बघितलं. ते वर बघत नव्हते, माणसांच्या हातांकडं बघत होते.

झोत ढगाखालून आला, धूळ घेऊन. फुगा एकदम आडवा झाला. सर ओरडले, "सोडा." त्यांना ओरडताना मी तेव्हाच ऐकलं. सगळ्यांनी सोडलं. बाबूमियाँनी सोडलं नाही. दोराचा एक वेढा त्यांच्या मनगटावर होता. ते पायांवर धावले, मग पडले, मग फरफटत आवारातून पलीकडं खोदकामाकडं गेले. सर त्यांच्या मागं पळत होते. खड्ड्याच्या कडेला दोर सुटला आणि बाबूमियाँ खाली फोडलेल्या खडीवर पडले.

फुगा पुढं गेला. शिवारात बाभळींवर जाऊन पडला आणि निखाऱ्यांनी पेटला. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ढग तासभर थांबून पूर्वेला गेले.

चेअरमनांच्या जीपमधून बाबूमियाँना बीडच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी भेटायला गेले तेव्हा सर खाटेशेजारी उभे होते. ते तिथंच राहत होते, आणि दवाखान्यातल्या बायकांनी मला सांगितलं की ते बसत नाहीत. बाबूमियाँ शुद्धीवर होते.

मग सर म्हणाले, "मी सोडा म्हटलं होतं."

"ऐकलं होतं."

"मग कावून सोडला नाही?" सर कधी तसं बोलत नसत.

बाबूमियाँनी छताकडं बघत सांगितलं, "हाताला वेढा आदीच घेतलता. सवय हाय. आन् वर बघत होतो. आख्खी जिंदगी इंजानाजवळ गेली, सर. आवाजाबिगर काही वर जाताना कदी बघितलं नव्हतं. लई चांगलं दिसत होतं. तुमी बघितलं का?"

"नाही," सर म्हणाले. आणि मग ते बसले, खाटेच्या कडेवर, तोंड दोन्ही हातांत धरून. बाबूमियाँनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले.

गावात सरांना कुणी बोल लावला नाही. फुगा गावानं मागितला होता, हे गावाला माहीत होतं. एकट्या जैतूनबींनी सरांना आपल्या घराच्या दारात थांबवलं. मी डबा घेऊन गेले होते म्हणून तिथं होते. त्या म्हणाल्या, "तुमी लई शिकलेले. तुमाला ठाव होतं होनार न्हाई. तरी केलं."

"हो," सर म्हणाले.

"आता आमी काय करावं ते बी सांगा."

त्या दिवशी सर तिथून गेले ते पुढं आठवडाभर शाळेत आले नाहीत. आले तरी काय होणार होतं; दसऱ्यापर्यंत शाळेत मुलं उरली नाहीत. आईबाप ऊसतोडीला निघाले, तशी मुलंही निघाली. सोसायटीनं शाळेला कुलूप लावलं. मला आंबेजोगाईला दुसरी नोकरी मिळाली.

ऊसतोडीचा मुकादम कोयत्यांची जमवाजमव करत गावात फिरत होता. कोयता म्हणजे जोडी; एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकायच्या. बहुतेक नवराबायकोच असतात. बाबूमियाँचा भाऊ अजीज जायला तयार होता, घरात तोच एक कमावता उरला होता, पण त्याचं लग्न झालं नव्हतं. एकट्याला मुकादम घेईना. जैतूनबींना नवऱ्याला सोडून जाता येईना. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी घोडके सर मुकादमाकडं गेले आणि म्हणाले, "अजीजचा जोडीदार मी."

मुकादम हसला. मग त्यानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि हसायचा थांबला. चेअरमन स्वतः समजवायला गेले. "सर, तुमचं वय काय, काम काय. कारखान्यात कारकुनी बघू की कुटं तरी." सर म्हणाले, "कारकुनी मिळेल तेव्हा मिळेल. गाडी परवा निघते."

पुढचं मला अजीजनंच सांगितलं, पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा मोसम संपल्यावर तो एकटा परत आला तेव्हा. सर पहाटेच्या गारठ्यात सगळ्यांच्या आधी फडात उभे असत. उसाच्या वाळल्या पाचटानं हात फाटले तरी बोलत नसत. मोळी उचलताना सुरुवातीला पडायचे, पुढं पडेनासे झाले. माघात ताप आला. पाचटाच्या कोपीत पडून राहिले, औषधाला नेलं, पण उठले नाहीत. अजीजनं आणि तोडीवाल्यांनी तिकडंच नदीकाठी सगळं केलं. "माझ्याशी लई बोलायचे न्हाईत," अजीज म्हणाला. "पर भाईजानचं रोज इचारायचे. कुबडी मिळाली का, चालाया लागले का."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. जिनिंग पुन्हा सुरू झालं, आणि बाबूमियाँ लाकडी पाय लावून इंजिनाजवळ स्टुलावर बसायला लागले. इंजिनाचा आवाज ऐकूनच कुठं काय बिघडलंय ते सांगायचे. सरांचं नाव निघालं की मात्र उठून बाहेर जायचे.

मी सरांना शेवटचं बघितलं ते मांजरसुंब्याला. बहात्तरच्याच दिवाळीच्या आधी आंबेजोगाईहून मी नगरकडं निघाले होते, एस.टी. चहापाण्याला थांबली होती. पलीकडं धाब्यासमोर ऊसतोडीवाल्यांचा ट्रक उभा होता. माणसं, भांडी, गाठोडी, शेळ्या, पिंजऱ्यात कोंबड्या, सगळं एकावर एक. त्यात ट्रकच्या मागच्या फाळक्याला टेकून सर बसलेले दिसले. इस्त्रीची खाकी पँट होती. अजीज त्यांच्या उजव्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपला होता.

मी चहाचा ग्लास घेऊन गेले. ट्रकखाली उभं राहून हात वर केला. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली, आणि अजीजची झोप मोडू नये म्हणून डावा हात वाकडा करून ग्लास घेतला.

"कधी परत येणार सर?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले. "तुम्ही जपा, बाई."

त्यांनी दोन घोट घेतले असतील, तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी चालू केली. सरांनी ग्लास वाकून माझ्या हातात परत दिला. ट्रक हलला, शेळ्या ओरडल्या, अजीज झोपलेलाच होता. सर माझ्याकडं बघत होते की मागच्या रस्त्याकडं, ते मला कळलं नाही. ट्रक नगरच्या रस्त्याला लागून दिसेनासा झाला तेव्हा माझ्या हातात अर्धा ग्लास चहा होता. त्या वर्षी कुणी काही ओतून देत नव्हतं. मी तो उभ्यानंच पिऊन टाकला आणि ग्लास धाब्यावर नेऊन दिला.